कॅसेटवरची चिकटपट्टी

आमच्या घरात कॅसेट कधी टाकून दिली जात नसे. नागपूरहून येताना आणलेल्या नाट्यगीतांच्या, भजनांच्या कॅसेट ऐकून ऐकून घासल्या गेल्या, की बाबा त्यांच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करायचे. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकचे दात मोडलेले असतात, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये. बाबांनी त्यावर तोड काढली होती. त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला की मशीन फसतं आणि रेकॉर्डचं बटण खाली जातं. आमच्या टू-इन-वनच्या शेजारी चिकटपट्टीचं रीळ कायम पडलेलं असायचं आणि नखानं तिचं टोक शोधून तुकडा तोडायचं काम माझं होतं. आठ वर्षांची असल्यापासून मी ते इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या आपोआप चालणाऱ्या हातामुळे झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

हे सगळं रेकॉर्डिंग चालायचं ते मालूआत्यासाठी. बाबांची थोरली बहीण, नागपुरात एकटी राहायची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली होती. पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणं तिला आवडायचं नाही. ती म्हणायची, माझ्या भावाचं पत्र मला शेजारणीच्या आवाजात नको. म्हणून आम्ही तिला कॅसेट पाठवायचो. अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या अपार्टमेंटच्या गालिच्यावर तिघं मांडी घालून बसायचो. बाबा आधी हवामान सांगायचे, मग ब्रेकच्या डिझाइनच्या कंपनीतल्या नोकरीचं. आई कुठली भाजी मिळते, कुठली मिळत नाही ते सांगायची. शेवटी मला पुढे ढकलायचे. मी इंग्रजीत सुरू झाले की आई चिमटा काढायची. कॅसेट टपालानं क्वचितच जायची. कुणीतरी भारतात निघालंय असं कळलं की त्याच्या बॅगेत बदाम, शांपू आणि आमचे तिघांचे आवाज कोंबले जायचे. तिकडून आत्याचं उत्तर असंच कुणाच्या तरी बॅगेतून दोन-तीन महिन्यांनी यायचं.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खालच्या मजल्यावर स्तोयानकाका आले तेव्हा मी तेरा वर्षांची असेन. ते बल्गेरियाचे, सोफियाहून आलेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मोठा मनुष्य, हातही मोठे, पण चालणं असं हलकं की जिन्यावर कधी पाऊल वाजलं नाही. दर रविवारी एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि बाकीचे दिवस लोकांचे पियानो ट्यून करत फिरायचे. आमची पहिली ओळख झाली ती कुकरमुळे. एका संध्याकाळी आमच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि लगेच दारावर टकटक झाली. आईला वाटलं, तक्रार आली. दारात हे उभे, हातात पेन्सिल आणि कागद. त्यांनी विचारलं की काल चार वाजल्या होत्या, आज तीनच का? आईनं सांगितलं, काल राजमा होता, आज डाळ आहे. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग आईनं त्यांना आत बोलावून वरण-भात वाढला, आणि त्या दिवसापासून ते माझे काका झाले. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं. आता लिहिताना ते मला मराठीतच बोलताना ऐकू येतात, तेव्हा तसंच लिहिते.

आईचं दही अमेरिकेत कधी नीट लागलं नव्हतं. चमचा उचलला की तार यायची. काकांनी एकदा ते चाखलं आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या बरणीत आपलं दही घेऊन आले. घट्ट, आंबूस, सुरीनं कापावं असं. "हे ठेवा. यातलंच थोडं उद्याच्या दुधाला लावा," म्हणाले. तेच विरजण आमच्या घरात अजून चालू आहे. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा बरणीत घालून दिलं, तिनं पंधरा दिवसांत मारलं, मी पुन्हा दिलं.

आईबाबा कामावरून येईपर्यंत शाळेनंतर मी खाली त्यांच्याकडे असायचे. त्यांच्याकडे एक जुना उभा पियानो होता, त्यावर ते मला शिकवायचे. आईनं पैशांचा विषय काढला तर ते कानावर हात ठेवायचे. बाबांनी मग गराज सेलमधून मला एक छोटा कीबोर्ड आणून दिला. मी काही फार हुशार विद्यार्थिनी नव्हते. पण मला तिथं बसायला आवडायचं. खोलीत पेन्सिलीचा, रबराचा आणि कॉफीचा वास असायचा, आणि सगळीकडे त्यांनी हातानं लिहिलेली स्वरलिपीची पानं. ते संगीतकार होते हे मला कळलं होतं, पण त्यांचं संगीत कुठं मिळतं ते कळत नव्हतं. मी विचारलं, "तुमची सीडी का नाही?"

ते म्हणाले, "आमचा देश लहान. तिथं नवं संगीत वर्षभर कुणी वाजवत नाही. ऑर्केस्ट्राला जुनी माणसं पुरतात, मेलेली. पण वर्षातून एकदा नव्या संगीताचा महोत्सव असतो. आठवडाभर. तेव्हा आम्ही सगळे आपापली पानं घेऊन बाहेर येतो. एकेकाची वीस मिनिटं. रेडिओवाले रेकॉर्ड करतात. मग पुन्हा वर्षभर कपाट."

रात्रीच्या जेवणाला मी हे बाबांना सांगितलं तेव्हा बाबा एकदम खूश झाले. "म्हणजे आपला दिवाळी अंकच की. वर्षभर लिहायचं ते दिवाळीसाठी. अंक बंद पडले तर निम्मे लेखक लिहायचे थांबतील." दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात काकांना दिवाळी अंक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. काका म्हणाले, हो, अगदी तेच. त्यांच्याकडे सरकार बदललं तेव्हा महोत्सवाचं सगळं पाठबळ गेलं, हॉल गरम करायला कोळसा नव्हता, तरी लोकांनी कोट घालून वाजवलं आणि कोट घालून ऐकलं. ऐकणाऱ्यांत निम्मे स्वतःच संगीतकार. "पण नसता तो महोत्सव तर मी खणासाठी लिहिलं असतं," असं म्हणून त्यांनी हातानं टेबलाचा खण ओढल्यासारखं केलं.

त्या वर्षीच्या महोत्सवात त्यांची एक रचना वाजणार होती. पियानो आणि तंतुवाद्यांसाठी, नाव 'विहीर'. चार वर्षं त्यांनी ती लिहिली होती. पण ते जाऊ शकत नव्हते. ग्रीन कार्डचा अर्ज अडकला होता आणि देश सोडला तर परत येता येईल की नाही याची वकील खात्री देईना. हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. स्वतःचे वडील गेले तेव्हा बाबा असेच अडकून बसले होते. ज्या दिवशी सोफियात 'विहीर' वाजली त्या दिवशी काका एका शाळेचा पियानो ट्यून करायला गेले होते. महिनाभरानं त्यांच्या एका बासरीवादक मित्रानं कॅसेट पाठवली. काकांकडे कॅसेट वाजवायला काही नव्हतं. ते कॅसेट छातीशी धरून वर आले.

ती पहिली दुपार मला नीट आठवते. आईनं साबुदाण्याची खिचडी केली होती. काका खुर्चीच्या अगदी कडेला बसले. संगीत सुरू झालं आणि थोड्या वेळानं आईनं मला हळूच विचारलं, "अजून ट्यूनच करतायत का ग?" मला हसू आवरेना. पियानोच्या आतल्या तारा कुणीतरी बोटांनी खरवडत होतं, व्हायोलिन कण्हत होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि मग झोपले. पण शेवटी शेवटी व्हायोलिन एकेक करून थांबली आणि पियानो एकटा राहिला. एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी खालचा एक सूर. काका म्हणाले, "आमच्या गावच्या विहिरीत मी खडे टाकायचो." मग टाळ्या आल्या, कुणी खोकलं, आणि काकांनी मान खाली घातली. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही नीट पाहिलं नाही, मी खिचडीकडे पाहत राहिले. जाताना म्हणाले, कॅसेट इथंच राहू दे, मी रविवारी येत जाईन. तसे ते येत राहिले, चर्चमधून थेट, दह्याची बरणी घेऊन.

मग तो शनिवार. बाबांच्या ओळखीचे पाठककाका नागपूरला निघाले होते, अचानक, त्यांच्या घरी कुणी आजारी होतं. फोन आला की चार वाजता येतो, काही द्यायचं असेल तर तयार ठेवा. आईनं बदाम बांधायला घेतले, बाबा म्हणाले, "वैजू, कॅसेट लाव लवकर. मागच्या टायमाला पण मालूताईला काही पाठवलं नाही आपण." कोरी कॅसेट एकही शिल्लक नव्हती. मशीनमध्ये एक काळी कॅसेट होती, वर काही लिहिलेलं नव्हतं, आमच्या जुन्या कॅसेट अशाच असायच्या. बटण दाबलं, खाली जाईना. मी कॅसेट काढली, नखानं चिकटपट्टीचं टोक शोधलं, तुकडा लावला, वरून अंगठा फिरवला. काकांच्या कॅसेटची डबी, निळ्या शाईनं त्यांच्या लिपीत लिहिलेली, वरच्या फळीवर होती. मी मान वर केली असती तर दिसली असती.

बाबा बोलले, आई बोलली. मग मी सांगितलं की मी पियानो शिकतेय. "थांब आत्या, तुला वाजवून दाखवते हं," असं म्हणून मी कीबोर्ड आणायला उठले आणि तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. "राहू दे, नेक्स्ट टाइम," बाबा म्हणाले. मी बटण बंद केलं. दहा मिनिटांत कॅसेट पाठककाकांच्या बॅगेत होती.

रविवारी स्तोयानकाका आले. बाबांनी फळीवरची डबी काढली, ती हलकी लागली तशी उघडली, मग मशीन उघडलं. मला त्याच क्षणी कळलं. चिकटपट्टी लावताना अंगठ्याखाली जी खाच लागली होती ती मला पुन्हा लागली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग, हे त्यांचं मला अजून मोठं वाटतं, त्यांनी फिरवाफिरव केली नाही. म्हणाले, "स्तोयान, आमच्या हातून वाईट गोष्ट झाली." आणि सगळं सांगितलं. काका उभेच होते. बरणी अजून हातात. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे माझी विहीर इंडियाला गेली. मला सोफियाला जाता येत नाही, आणि ती बिनव्हिसाची नागपूरला." आई रडायला लागली तेव्हा त्यांनीच तिची समजूत काढली. मित्र दुसरी कॅसेट पाठवेल, रेडिओकडे मूळ टेप आहे.

मित्राचं पत्र आलं. रेडिओकडे नव्या टेपा घ्यायची सोय नव्हती. महोत्सवाच्या टेपा पुसून त्यांच्यावर बातम्या रेकॉर्ड केल्या होत्या. काकांनी हे जिन्यात उभं राहून सांगितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सगळीकडे चिकटपट्टी," म्हणाले. त्यांना मला हलकं करायचं होतं, पण मला ते आणखी जड झालं. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. होमवर्क आहे, प्रॅक्टिस आहे, डोकं दुखतंय. रविवारी आता ते वर यायचे नाहीत. बरणी दारात ठेवलेली असायची.

तीन महिन्यांनी आत्याची कॅसेट आली. त्या दिवशी शाळेतून आल्यावर घरी मी एकटीच होते. कोट न काढताच ती लावली. आत्यानं नेहमीसारखी आधी सगळ्यांची चौकशी केली. मग तिचा आवाज बदलला. "वैजू, काय वाजवलंस ग पोरी. मला वाटलं पेटीसारखं काही वाजवशील. केवढा तो हॉल असेल. केवढी माणसं. टाळ्या संपता संपेनात. मी कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलावून ऐकवलं. शेवटी तू एकटी वाजवतेस ना, थांबून थांबून, ते मी रोज दुपारी ऐकते."

मला समजायला थोडा वेळ लागला. आमचं तिघांचं बोलणं लवकर संपलं होतं. हॉर्न वाजला, मी बटण बंद केलं, आणि त्यापुढची कॅसेट तशीच राहिली होती. मी "वाजवून दाखवते" म्हणाले आणि लगेच पियानो सुरू झाला होता. विहिरीत पडणारे खडे, आणि टाळ्या. शेवटची सहा मिनिटं वाचली होती. माझ्या पायाखाली, एकच मजला खाली, ज्यांना ती हवी होती ते काका बसले होते. मी ऐकत होते तेव्हा त्यांच्या खुर्चीचा आवाज येत होता.

मला फक्त जिना उतरायचा होता. पण मग नागपूरला कळवावं लागलं असतं की ती मी नव्हे. कॉलनीतल्या बायका, रोजची दुपार, "काय वाजवलंस ग पोरी", सगळं परत द्यावं लागलं असतं. माझं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. इथल्या शाळेत मी एक गप्प बसणारी मुलगी होते, जिचं नाव टीचरना वर्षअखेरपर्यंत उच्चारता आलं नाही. मी कॅसेट मागे घेतली, चिकटपट्टी लागत नव्हती, आत्याच्या कॅसेटचे दात शाबूत होते. रेकॉर्डचं बटण दाबलं आणि श्वास रोखून बसून राहिले, तिचं ते सगळं बोलणं पुसून जाईपर्यंत. संध्याकाळी आईबाबांनी ऐकलं तेव्हा मध्येच सगळं शांत झालं. बाबा म्हणाले, "टेप खराब झालीय बहुतेक." पहिल्या वेळी हाताची सवय होती. दुसऱ्या वेळी मी होते.

मी ठरवलं होतं की सांगीन. सुट्टी लागली की, वाढदिवस झाला की. त्या हिवाळ्यात काका पुढच्या महोत्सवासाठी नवं काही लिहीत होते, खालून एकेक सूर पुन्हा पुन्हा ऐकू यायचा. फेब्रुवारीत चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढताना ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. चर्चमध्ये आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो, कारण दुसरं कुणी नव्हतं. ऑर्गन कुणी वाजवला नाही, वाजवणारे तेच होते. बाबांनी त्यांची सगळी पानं खोक्यांत भरून बासरीवाल्या मित्राला पाठवून दिली. खोक्यावर पत्ता मी लिहिला, त्यांच्या लिपीत, अक्षर न् अक्षर बघून. त्या रविवारी दाराशी बरणी नव्हती. आईनं घरातल्या दह्याचं विरजण लावलं आणि दार बंद करून ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली.

मी हे आईबाबांना कधीच सांगितलं नाही. आता ते दोघंही नाहीत. तो महोत्सव अजून भरतो. गेल्या वसंतात मी इथं सोफ्यावर बसून लॅपटॉपवर एक कार्यक्रम पाहिला. अर्धा हॉल रिकामा, शेवटच्या रांगेत एक बाई हाताची घडी घालून बसलेली. मला वाटलं, हीच संगीतकार असणार, आणि तीच होती. मी महोत्सवाच्या कार्यालयाला ती सहा मिनिटं पाठवली. उत्तर आलं की आमच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकेत या रचनेची एक ओळ आहे, नाव आणि वेळ, आवाज मात्र आमच्याकडे नव्हता. आभार मानले होते. ते आभार मला नको होते.

ती सहा मिनिटं मला मिळाली कशी, ते सांगायचं राहिलं. लग्नानंतर मी एकदा एकटीच नागपूरला गेले, येताना ती उतरवून आणली. आत्या ऐंशीच्या पुढे गेली होती, दिसत काहीच नव्हतं, पण माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं. जेवण झालं आणि तिनं चाचपत खणातून कॅसेट काढली. चिकटपट्टी पिवळी पडली होती. "ऐकूया तुझं," म्हणाली. बाबांचा आवाज, आईचा आवाज, माझा तो बारीक आवाज, थांब आत्या, वाजवून दाखवते हं. आणि पियानो. आत्याच्या ओठांवर प्रत्येक सूर यायच्या आधी यायचा, इतका तिला तो पाठ होता. सगळे थांबे तिला माहीत होते. टाळ्या सुरू झाल्या आणि ती म्हणाली, "शाबास वैजू."

मी म्हणाले, "आत्या, ही मी नाही." आणि सगळं सांगितलं, कुकरपासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत. तिचं बोलणं मी पुसलं तेही. तिचा हात माझ्या हातातून तिनं काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"इतकी वर्षं मी भलत्याच माणसाचं कौतुक केलं ग," म्हणाली. मग विचारलं, "आणि त्याला एवढंसुद्धा कळलं नाही, की इथं कुणी रोज ऐकतंय?"

"नाही."

मग म्हणाली, "लाव पुन्हा. आमचं बोलणं सोड, तिथूनच लाव." मी मागेपुढे करत ती जागा शोधली. या वेळी तिच्या ओठांवर आधी काही आलं नाही. नव्यानं ऐकावं तशी ती ऐकत होती, मान थोडी कलती करून. शेवटचा खालचा सूर गेला, कुणी तरी खोकलं, टाळ्या आल्या. तिनं तोंड उघडलं आणि थांबली.

"नाव काय म्हणालीस त्याचं?"

मी सांगितलं. तिनं ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं, शाळेत नव्या मुलाचं नाव हजेरीपटावर पहिल्यांदा वाचताना म्हणावं तसं.

"शाबास, स्तोयान," ती म्हणाली, आणि टाळ्या संपेपर्यंत तिनं मला बटणाला हात लावू दिला नाही.